फक्कीच्या रेघेचे दार

मित्रांनो, हसू नका, पण मी एक जुनी फक्कीची गाडी आहे. फक्की म्हणजे ती पांढरी भुकटी, जिने मैदानावर रेघा आखतात. सामन्याला तुम्ही खेळाडू पाहता, गोल पाहता, फार तर पंचांच्या नावाने बोटे मोडता. रेघेकडे कोणी बघत नाही. तरी त्या रेघा मी मारलेल्या असतात, आणि त्या नसत्या तर चेंडू आत की बाहेर यावर तुम्ही अजून भांडत बसला असता. एवढी फुशारकी माझ्या वयाला शोभते.

माझा जन्म एका वेल्डरच्या दुकानात झाला. आमच्या गावच्या फुटबॉल मैदानाची राखण करणारे जे काका, त्यांचा हा मेहुणा. त्याने तेलाचा रिकामा डबा कापून माझे पोट केले, मोडक्या बाबागाडीची चाके लावली आणि पाण्याच्या पाइपाची मूठ जोडली. पोटाखाली फक्की झरायला चाळणी हवी होती, म्हणून काकांनी गुपचूप घरातली पिठाची चाळणी आणून दिली. काकूंना हे पीठ चाळायला घेतल्यावर कळले. त्यानंतर कितीतरी दिवस त्या माझा उल्लेख 'सवत' असा करत. काका मात्र मान खाली घालून हसत आणि मला तेल देत.

काकांचे काम बघण्यासारखे असे. आधी ते दोन खुंट्या ठोकून सुतळी ताणत, मग माझी मूठ धरून चालू लागत. चालताना ते कधीही माझ्या चाकाकडे बघत नसत, समोरच्या खुंटीकडे बघत. पायाखाली बघत चालले की रेघ नागमोडी होते, असे ते म्हणत. मी मारलेली रेघ इतकी सरळ यायची की शेजारी उभा असलेला अवजड रोलरसुद्धा मनातून जळत असणार. बिचाऱ्याला आयुष्यभर गवत दाबण्यापलीकडे काही जमले नाही.

आमच्या गावाला फुटबॉलचे वेड आहे. गिरणी सुटली की माणसे घरी जाण्याआधी मैदानावर येतात. पण कप काही आमच्या नशिबात नव्हता. आजोबा वाट बघून थकले, त्यांची मुले वाट बघू लागली. आणि मग एकदा तो अगदी हाताशी आला. शेवटचा सामना आमच्याच मैदानावर होता, आम्ही एका गोलने पुढे होतो, थोडाच खेळ उरला होता. पंचांनी शिट्टी वाजवली. ती धक्काबुक्कीची शिट्टी होती, पण कोणाला तरी वाटले सामना संपला. तो कोणीतरी धावला, त्याच्यामागे दहा धावले, आणि बघता बघता सगळे गाव मैदानात उतरले. लोक गोलच्या आडव्या दांडीला लोंबकळले, दांडी मोडून खाली आली. पंच हात वर करून थांबले, थांबले, आणि अंधार पडला. सामना रद्द झाला. कप दुसऱ्या संघाला देऊन टाकला.

त्या संध्याकाळी लोक माना खाली घालून घरी गेले. मौज अशी की पुढे ज्याला विचारावे तो म्हणे, "छे छे, मी नव्हतो बुवा आत." त्या दिवशी मैदानात कोणीच उतरले नव्हते, असेच आमचे सगळे गाव सांगते.

क्लबच्या सेक्रेटरीसाहेबांनी चारी बाजूंनी उंच जाळी ठोकायचे ठरवले. तारेची भेंडोळी आली, आमच्या सामानाच्या खोलीमागे पडली. तेव्हा काका साहेबांच्या खोलीत गेले. मला खिडकीखाली उभे केले होते, म्हणून मी सगळे ऐकले.

"साहेब, जाळी नको."

"अहो काका, मग काय करू? तुमच्या फक्कीनं माणसं थांबतात होय?"

"थांबतील."

"डोळ्यांनी बघितलंत ना त्या दिवशी?"

"बघितलं. म्हणूनच सांगतो. पुढं जाळी आणि मागनं रेटा आला, तर पुढच्या रांगेतली पोरंबाळं, म्हातारी माणसं जातील कुठं? चिरडतील ती. गेलेला कप परत येतो साहेब, माणूस नाही येत."

साहेब उठून खिडकीशी आले. मग म्हणाले, "आणि पुन्हा तसंच झालं तर?"

"तर जाळी मी माझ्या हातानं ठोकतो, आणि मैदानाच्या किल्ल्या तुमच्या टेबलावर ठेवून घरी जातो."

असा काकांनी शब्द दिला. शब्द त्यांचा होता, पण पाळायचा होता गावाने.

दुसऱ्याच सामन्याला त्यांनी माझ्याकडून एक नवी रेघ मारून घेतली. खेळाच्या रेघेबाहेर, प्रेक्षकांच्या बाकांपुढे, चांगली हातभर रुंद. सामना संपेपर्यंत तिच्या अलीकडे राहायचे. पंचांच्या शेवटच्या तीन शिट्ट्या झाल्या की काका बुटाने त्या रेघेचा माणूस जाईल एवढा तुकडा पुसत. ते दार. त्या दारातून ज्याला हवे त्याने मैदानात यावे, लेकरांना घेऊन गवतावर बसावे, चेंडू लाथाडावा. नुसत्या भुकटीची रेघ! फुंकर मारली तर उडावी. सुरुवातीला लोक खो खो हसले.

हसणाऱ्यांत सगळ्यात मोठा आवाज भोंग्याचा होता. हा गिरणीतला हमाल. त्याने नुसते "अरे" म्हटले तरी पलीकडच्या गल्लीतले कुत्रे उठून बसे, म्हणून हे नाव. एकदा पंचांवर ओरडण्याच्या भरात तो रेघ ओलांडून चांगला चार पावले पुढे आला. काकांनी मला आणले आणि भोंग्याच्या पायांनी पुसलेली रेघ, तो पलीकडे उभा असतानाच, सावकाश पुन्हा मारली. सगळे मैदान बघत होते. मागून भोंग्याच्या बायकोचा आवाज आला, "अहो, या मागं! माणूस आहात की म्हैस?" असा हशा पिकला की खेळाडूसुद्धा थांबले. भोंगा लाल होऊन, नव्या रेघेवर पाय पडू नये म्हणून लांब ढांग टाकून मागे आला. त्या दिवसापासून रेघेचा त्याच्याइतका कडक पहारेकरी दुसरा कोणी झाला नाही.

हळूहळू सवय लागली. आया मुलांना सांगू लागल्या, "काकांनी दार पुसलं नाही अजून, बस खाली." चेंडू रेघेजवळ आला तर लोक हात मागे बांधून उभे राहत. पाहुण्या गावचे लोक हे बघून चकित होत आणि आमचे लोक उगाच छाती पुढे काढत. मी कितीतरी माणसे पाहिली, पण भुकटीला भिंतीसारखे मानणारी ही आमचीच. मला त्यांचा फार अभिमान वाटतो, आणि तो लपवायचे मला काही कारण दिसत नाही.

बरीच वर्षे गेली. माझा रंग उडाला, एक चाक कुरकुरू लागले. जी मुले बापाच्या खांद्यावर बसून येत, ती आता स्वतःची मुले खांद्यावर घेऊन येऊ लागली. आणि मग पुन्हा तो दिवस आला. शेवटचा सामना, आमचेच मैदान, आणि आम्ही पुन्हा एका गोलने पुढे. बाके तर भरलीच होती, पण पायऱ्यांवर, भिंतीवर, सायकलींच्या दांड्यांवर माणसेच माणसे होती. सेक्रेटरीसाहेब टाय सैल करून खुर्चीच्या कडेवर बसले होते. काका माझी मूठ धरून मैदानाबाहेर, मधल्या रेघेच्या टोकाशी उभे होते. आज गाव चुकले तर कप जाणार होता, आणि काकांचा शब्दही जाणार होता.

थोडाच खेळ उरला असताना आमच्या गोलसमोर पंचांनी शिट्टी वाजवली.

पुन्हा धक्काबुक्कीची. पण मागच्या लोकांना ते कुठून दिसणार? मागून एकदम रेटा आला. पुढची रांग झुकली. कितीतरी बुटांची टोके रेघेला टेकली. काका माझी मूठ गच्च धरून मला जागच्या जागी असे पुढे-मागे ढकलत होते की माझ्या पोटातली फक्की हलून खाली तिचा ढीग झाला.

तेवढ्यात भोंगा मागे वळला. त्याने मैदानाकडे पाठ केली, दोन्ही हात पसरले आणि आयुष्यभराचा आवाज एकदम काढला. "मागं! मागं व्हा रे! संपलेला नाही अजून!" त्याच्या डाव्या-उजव्या माणसांनी एकमेकांच्या दंडात दंड अडकवले. त्यांच्या शेजारच्यांनीही. बघता बघता सगळी पुढची रांग एकमेकांना धरून पाठीने मागे रेलली. मागच्यांना कळले. रेटा ओसरू लागला.

पण ओसरता ओसरता एका आजींचा तोल गेला, आणि त्या रेघ ओलांडून गवतावर हातापायांवर येऊन पडल्या. सगळे मैदान चिडीचूप झाले. पंचांनी मान वळवली. आजी उठल्या, गुडघे झटकले, दोन्ही हातांनी लुगडे किंचित वर धरून रेघेवरून अलगद मागे आल्या, आणि पंचांना म्हणाल्या, "खेळा बाळांनो, खेळा. माझं काही नाही." पंचांच्या मिशीखाली हसू आलेले मी स्वतः पाहिले. त्यांनी खेळ सुरू केला. चेंडू आला, आमच्या गोलकीपरने तो ठोसा मारून उडवला, आणि मग झाल्या शिट्ट्या. एक. दोन. तीन.

आमच्या खेळाडूंनी धूम ठोकली, एकमेकांवर उड्या मारल्या, लोळले, रडले. आणि मग त्यांच्या लक्षात आले की आपल्याशिवाय मैदानात कोणीच नाही. कप्तान तोंड उघडे ठेवून बाकांकडे बघू लागला. सगळे गाव उभे होते. नाचत होते, रडत होते, मिठ्या मारत होते, पण जागच्या जागी, रेघेच्या अलीकडे. आणि हजारो डोळे काकांवर लागले होते.

"काका, दार!" भोंगा म्हणाला. म्हणाला म्हणजे, त्याच्या मानाने अगदी हळू.

काकांना पाऊल उचलेना. त्यांच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या, समोरची रेघ त्यांना दिसत नसावी. मग बाकांवरून काकूंचा आवाज आला, "अहो, पुसा की आता! जन्मभर वाट बघायला लावलीत ती पुरे झाली!"

काका पुढे गेले. बुटाने माणूसभर रेघ पुसली. दार झाले. पण ते थांबले नाहीत. त्या दारातून एवढे गाव आत कधी येणार? ते पाय घासत तसेच पुढे निघाले, रेघेच्या टोकाकडे. ते बघून पुढच्या रांगेतल्या लोकांनीही आपापल्या पायांपुढची रेघ बुटांच्या टोकांनी पुसायला घेतली. आजींनीही पुसली. मी जन्मात मारलेली सगळ्यात सुंदर रेघ माझ्या डोळ्यांदेखत नाहीशी झाली, आणि खरे सांगते, मला एवढा आनंद कोणत्याच रेघेने दिला नव्हता.

मग गाव आत आले. वेड्यासारखे आले. कोणी कोलांट्या मारल्या, कोणी गवताचे मुके घेतले. एक गृहस्थ पेनल्टीच्या ठिपक्यावर उताणे झोपून आभाळाकडे बघत राहिले आणि बायकोने हाक मारली तरी उठेनात. काहींना तर आत आल्यावर काय करावे तेच कळेना, ते नुसते उभे राहून हसत होते. आडव्या दांडीला मात्र कोणी लोंबकळले नाही. म्हातारी माणसे जाऊन गोलच्या खांबावरून हात फिरवून येत होती. भोंगा मधल्या वर्तुळात मांडी घालून बसला होता, आणि त्याच्या तोंडून एक शब्द फुटत नव्हता. हे त्याच्या बायकोने पुढे वर्षभर सगळ्यांना सांगितले.

कप्तानाने आणि गोलकीपरने काकांना खांद्यावर घेतले. कोणीतरी मलाही उचलले. माझे झाकण उघडले आणि उरलीसुरली फक्की सगळ्यांच्या डोक्यांवर पडली. एका क्षणात आमचे गाव म्हातारे झाले! गर्दीतून वाट काढत, पांढऱ्या केसांचे झालेले सेक्रेटरीसाहेब आले. काकांचा हात धरून त्यांनी विचारले, "काका, त्या जाळीचं आता काय करायचं?"

"भोंग्याला देऊन टाका," काका म्हणाले. "त्याच्या कोंबड्या फार बाहेर पळतात."

आता काका निवृत्त झाले आहेत. सामन्याला येतात, पण पहिल्या बाकावर बसतात. मैदान आता एक ताई सांभाळतात. त्यांच्याकडे रंग फवारणारे नवे यंत्र आहे, त्याची रेघ पावसानेही जात नाही. पण बाहेरची ती एक रेघ त्या अजून फक्कीचीच मारतात, हाताने, बादलीतून. कारण दार पुसता यायला हवे. मी सामानाच्या खोलीत कोपऱ्यात उभी असते. माझ्या पोटात कोळ्याने घर केले आहे, कुरकुरणारे चाक आता कुरकुरतही नाही. कधी खोलीचे दार उघडे राहिले तर लोकांचा आवाज ऐकते, आणि शिट्टीनंतरची ती क्षणभराची शांतता ऐकते. ती शांतता मला फार आवडते.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना अधूनमधून तेल द्या, त्यांच्यावरची धूळ पुसा, हे तर मी सांगणारच. त्यात माझा स्वार्थ आहे. पण एवढे मात्र माझ्यासाठी नको, तुमच्यासाठी ऐका. कोणी तुमच्यावर भरवसा ठेवून मध्ये भिंत घातली नाही, नुसती रेघ मारली, तर ती रेघ जपा. फक्कीची रेघ कोणालाही मारता येते. ती टिकते मात्र थांबलेल्या पावलांनीच.