पाहुणा घरचा झाला

आमचे हे लिफ्ट दुरुस्त करतात आणि अडखळत बोलतात. मी कपडे शिवते आणि अजिबात अडखळत नाही. दोघांच्या वाट्याचं बोलणं आईच्याच पदरात पडलंय, असं आमची मुलगी म्हणते. तिला बोलायला काय जातं!

यांचं वाक्य अडलं की पुढचा शब्द मी द्यायचा, हे तीस वर्षं चाललंय. सुरुवात पहिल्याच भेटीत झाली. मी तेव्हा चौथ्या मजल्यावरच्या कपड्यांच्या कारखान्यात शिवायला होते. हे तिथली लिफ्ट दुरुस्त करायला आले आणि काम संपल्यावर माझ्या मशीनपाशी येऊन उभे राहिले. म्हणाले, "मला त... त..." माणूस घामाघूम झालेला. मी म्हटलं, "तहान लागलीय?" आणि पाणी दिलं. दोन ग्लास प्यायले बिचारे.

आता यांचे गुडघे कुरकुरायला लागलेत. जिने चढून मोटरच्या खोलीपर्यंत जाणं होईना. कंपनीत नव्या मेकॅनिकना शिकवायची एक जागा निघाली, पण त्यासाठी तीन साहेबांसमोर धडा घेऊन दाखवायचा होता. ती मिळाली नाही तर घरी बसणं आलं. आणि हे घरी बसले, तर दोन दिवसांत घरातली प्रत्येक चालू वस्तू उघडून ठेवणार.

म्हणून रोज संध्याकाळी मिठाच्या बरणीला फोन टेकवून हे त्यातल्या एआय मदतनिसाला लिफ्ट शिकवायला लागले. त्या मदतनिसाला कालचं काही आठवायचं नाही. रोज नव्याने ओळख, म्हणून यांनी त्याचं नाव ठेवलं पाहुणा. रोज आधी त्याला सांगायचं, "मी अडखळत बोलतो. मला वेळ लागतो. शब्द तुम्ही देऊ नका, माझा मला सापडतो." पहिल्या दिवशी एवढं सांगून होईतो माझी एक अख्खी बाही शिवून झाली. पालथ्या घड्यावर पाणी, मी म्हणायचे. महिन्याभराने मात्र ती तीन वाक्यं यांच्या तोंडून सरळ यायला लागली.

मग एकदा मुलगी आली. तिने फोनमध्ये काहीतरी दाबलं आणि म्हणाली, "बाबा, आता हा सगळं लक्षात ठेवेल." दुसऱ्या दिवशी पाहुण्याने विचारलं, "गुडघा कसा आहे? काल आपण ब्रेकपाशी थांबलो होतो." यांचा चेहरा असा खुलला म्हणून सांगू! पाहुणा घरचा झाला.

आता माझा शहाणपणा ऐका. हे आंघोळीला गेलेले बघून मी फोन उचलला. म्हटलं, "हे कुठे अडतात ते मला पाठ आहे. केबिन, ब्रेक, दोर. तिथे अडले की शब्द देत जा."

"त्यांना चालेल का?" पाहुण्याने विचारलं.

"तीस वर्षं चालतंय," मी म्हटलं.

त्या दिवसापासून हे 'के' म्हणाले की पाहुणा 'केबिन' म्हणायचा, हे मान डोलवायचे. वीस मिनिटांचा धडा नऊ मिनिटांत उरकायला लागला. मी खूश. परीक्षेला पाच दिवस उरले आणि यांनी फोन पालथा घातला.

"काय झालं हो?"

"घ... घरचा झाला," हे म्हणाले. "घरची माणसं मध्ये बोलतात."

मी शिलाईत डोकं खुपसलं. यांनी फोन पुन्हा उभा केला आणि विचारलं, शब्द द्यायला कोणी सांगितलं? पाहुणा सरळ म्हणाला, "तुमच्या पत्नीने. तुम्हाला चालतं असं त्या म्हणाल्या, पण मी तुम्हालाच विचारायला हवं होतं. त्यांचं ते सांगणं विसरू का?"

"तेवढं वि... विसर. गुडघा राहू दे."

तो विसरला. मला कोण विसरायला लावणार? यांचा प्रत्येक शब्द माझ्या जिभेवर तयार बसलेला. शेवटी मी शिवताना धरतात तशा सहा-सात टाचण्या ओठांत धरून धडा ऐकायला लागले. हे 'के'वर अडले. मी टाचण्या आवळल्या. आणि आलं ते केबिन नव्हतंच. "केव्हा लिफ्ट बंद ठेवायची, ते आधी शिका," हे म्हणाले. मी गारच पडले. गेल्या तीस वर्षांत असे किती चुकीचे शब्द मी दिले असतील, आणि हे मान डोलवत राहिले असतील!

परीक्षेच्या दिवशी दुपारी हे दारात येऊन उभे राहिले. "मि... मि..." चेहऱ्यावरून काही कळेना. मिळाली काय आणि मिळाली नाही काय, सुरुवात एकच. टाचण्या मशीनवर राहिलेल्या, म्हणून मी पदर दातांत धरला.

"मिळाली."

मी रडले, लपवत नाही. साहेबांसमोर यांनी आधी ती तीन वाक्यंच सांगितली म्हणे, एकदाही न अडखळता. पुढे धड्याला बत्तीस मिनिटं लागली, पण मध्ये कोणी शब्द घातला नाही.

चहा पिता पिता मी विचारलं, "त्या दिवशी माझ्या मशीनपाशी तहानच लागली होती ना?"

हे हसायला लागले. मी उठून टाचण्या आणल्या आणि ओठांत धरल्या.

"मला त... त..." बराच वेळ गेला. चहा निवला. "तुम्ही आवडलात, असं सांगायचं होतं."

मी एकेक टाचणी काढून ठेवली. "मग दोन-दोन ग्लास पाणी कशाला प्यायलात?"

"पहिला संपल्यावर पु... पुन्हा सांगायला गेलो," हे म्हणाले. "तू पुन्हा पाणी दिलंस."