टॅपेटचा आवाज

उद्या सकाळी लातूरहून भंगारवाला येणार होता. आमच्या फियाटचं इंजिन खरंच संपलंय का, हे मला त्याआधी, माझी लेक महामाया हिच्या दुपारच्या एका झोपेत शोधायचं होतं. खाली पोर्चमध्ये साडीची झोळी बांधून तिला निजवलं आणि गाडीचं बॉनेट उघडलं. झोळी गाडीच्या जवळच होती, पण त्याची भीती नव्हती. मोठ्या आवाजाला ही पोरगी कधी उठत नाही. कुकरची शिट्टी, लग्नाची वरात, काही चालतं. उठते ती बारीक आवाजाला, बांगडी वाजली किंवा कडी सरकली की.

फियाट बाबांची. त्यांची सगळी नोकरी लातूरला एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये गेली, आणि बसगाड्यांचा तेलकटपणा अंगावर असतानाच घरी येऊन ते हिला खोलून बसायचे. नात झाली तेव्हा स्वतः चालवत नांदेडला आणली आणि किल्ली माझ्या नवऱ्याच्या, आदर्शच्या हातात दिली. रोज संध्याकाळी आदर्श आम्हा दोघींना भोकर रोडने फिरवून आणायचा, कारण महामाया चालत्या गाडीतच झोपायची. मग त्याला ओमानमधलं काम मिळालं. वाळवंटात कुठेतरी तेलाची विहीर खोदतात. शिफ्ट संपून तो कॅम्पवर आला की फोनला रेंज, नाहीतर नाही.

तेव्हापासून गाडी मी चालवते. सीट त्याच्या उंचीवर लावलेली आहे. पुढे ओढायला एक खटका दाबावा लागतो, तेवढाच. मी पाठीशी उशी घेते.

उन्हाळा लागला तशी गाडी मिसिंग मारायला लागली. चढावर धक्के द्यायची, तापली की दम सोडायची. मागच्या आठवड्यात भोकर रोडला बंदच पडली. लेकरू रडतंय, ऊन, आणि शेवटी एका टेम्पोवाल्याने दोर बांधून आणली. कोपऱ्यावरच्या गॅरेजच्या वैजनाथने प्लगच्या भोकावर अंगठा ठेवून पाहिलं आणि कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, गेलं म्हणाला. एवढ्या जुन्या गाडीत ते गेलं म्हणजे पिस्टनच्या रिंगा झिजल्या, आता हिच्यामागे लागू नका ताई. बाबांना कळलं तसे ते घाबरले. लोखंडापायी माझी पोर आणि नात रस्त्यावर बसायला नकोत म्हणाले, आणि भंगारवाला ठरवून मोकळे झाले. मी फोनवर हो हो म्हटलं. संध्याकाळ झाली की या घरात माझ्याशी बोलणारं कुणी नसतं, आणि त्या उशीला टेकून बसलं की पाठीमागे कुणीतरी असल्यासारखं वाटतं, हे बापाला फोनवर कसं सांगणार?

गाडी चालू करून एकेका प्लगची वायर काढून पाहिली. पहिली काढली, इंजिन अडखळलं. दुसरी, चौथी, तसंच. तिसरी काढली तर काहीच फरक नाही. म्हणजे तिसरा सिलिंडर कामच करत नव्हता. प्लग बदलून पाहिला, ठिणगी चांगली होती. आता कॉम्प्रेशन मोजायचं. बाबांचं जुनं गेज होतं, रबरी तोंडाचं. ते भोकावर दाबून धरावं लागतं आणि त्याच वेळी दुसऱ्याने आत बसून स्टार्टर मारावा लागतो. लहानपणी ती दुसरी मीच असायचे.

गेज हातात धरून मी जरा वेळ नुसती उभी राहिले. मग खालच्या घरातल्या पंचफुलाबाईंना हाक मारली. त्या ओट्यावर शेंगा फोडत होत्या.

"मला मोटार येत न्हाई माय."

"चालवायची नाही मावशी. मी मार म्हटलं की किल्ली फिरवायची, बास म्हटलं की सोडायची."

"अन् पळाली म्हंजे?"

चाकाला दगड लावलाय म्हटल्यावर त्यांनी पदर डोक्यावर घेतला, आत बसल्या आणि आधी आरशात पाहिलं. "मालकानं जल्मात सायकलीवर बशिवलं न्हाई," म्हणाल्या, "तू येकदम डायवर करून राहिली."

त्यांनी किल्ली मात्र अगदी बेताने फिरवली. बाकी तीन सिलिंडरना काटा सारखाच चढला. तिसऱ्याला अर्ध्यावरही आला नाही. मग महामायाच्या औषधाच्या ड्रॉपरने त्या भोकात थोडं ऑइल सोडलं. ऑइल गेल्यावर काटा वर आला, तर झिजलेल्या रिंगांच्या फटी बुजल्या असं समजायचं. मग वैजनाथ खरा, आणि गाडी उद्या जाणार. नाही आला, तर दोष वर, वॉल्वमध्ये.

"मार, मावशी."

काटा होता तिथेच राहिला. मी परत मारायला लावलं. तिथेच.

वरचं झाकण काढलं. वॉल्वला दाबणारा दांडा आणि वॉल्व यांच्यात केसाएवढी फट लागते. इंजिनची जी टकटक ऐकू येते, टॅपेट वाजतंय म्हणतात, ती त्या फटीची. फट मापायची पत्ती घातली तर ती कुठेच नीट जाईना, आणि तिसऱ्याला तर फटच नव्हती. वॉल्व पूर्ण मिटतच नव्हता, सगळा दाब तिथून निसटत होता. नटांचे कोपरे चुकीच्या पान्याने खरवडून पांढरे झाले होते. बाबांचा हात असा नाही.

आदर्श जायच्या आधीची एक संध्याकाळ आठवली. घराच्या फाटकावर गाडी थांबली की त्या टकटकीने महामाया जागी व्हायची, आणि मग रात्रभर तो आणि मी जागे. त्या दिवशी तो हात काळे करून वर आला होता. म्हणाला, विशा, आता ऐक, काही वाजतंय का? मी नाही म्हटलं. तो खूश होता. खरं तर मी पोरीला घेऊन बसल्या बसल्या अर्धवट झोपेत होते, काही ऐकलंच नव्हतं.

एकेक नट सैल करून, पत्ती घालून, फटी परत लावल्या. पंचफुलाबाईंनी पुन्हा किल्ली फिरवली. तिसऱ्याचा काटा चढला. बाकीच्यांइतका नाही, पण चढला. सगळं बसवून गाडी चालू केली आणि बाबांना फोन लावला.

"रिंगा नाहीत बाबा. टॅपेट आवळलेले होते. वॉल्व थोडा जळलाय."

"कुणी आवळले?"

"आदर्शनं. पोरगी उठायची म्हणून."

"लेकरू निजावं म्हणून इंजिनचा गळा दाबला व्हय," म्हणाले. "लई शाना जावई हाय माझा." मग घसा साफ केला. भंगारवाल्याला नको म्हणून सांगतो, हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, उतरवून वॉल्व घासायला स्वतः येतो, तोवर लांब नेऊ नकोस म्हणाले. मी त्यांच्या दुखऱ्या गुडघ्याचं विचारलं.

"गुडघा काय हेडवर ठिवायचा हाय का?"

पंचफुलाबाई शेंगांकडे गेल्या. मी बॉनेटशी उभी होते. टकटक, टकटक, चारही सिलिंडर. झोळी हलली. महामाया उठली होती.

तिला काखेत घेतलं, फोन इंजिनजवळ धरून तो आवाज भरला आणि आदर्शला पाठवला. सोबत काही लिहिलं नाही. लिहिलं असतं तर तुझी चूक झाली असं लिहावं लागलं असतं, आणि मला ते म्हणायचं नव्हतं.

निरोप पोचला नाही. त्याला रेंज नव्हती. आम्ही दोघी पुढच्या सीटवर बसलो, मी उशीला टेकून, ती माझ्या मांडीवर मान वळवून ऐकत. अंधार पडेपर्यंत ती परत झोपली नाही, आणि मीही तिला झोपवलं नाही.