मोठ्यानं केलेली प्रार्थना

शुक्रवारी संध्याकाळी खराडीच्या त्या मंगल कार्यालयाबाहेर गाडी लावायला जागा मिळाली, तर तोच पहिला चमत्कार मानावा, अशी परिस्थिती होती. आत खुर्च्या संपल्या, सतरंज्या संपल्या, तरी माणसं येतच होती. नगर रस्त्याच्या दोन्ही अंगांची कॅथलिक मंडळी होतीच. पण ज्यांनी चर्चचं दार कधी बाहेरूनही नीट पाहिलं नव्हतं, असे शेजारपाजारचेही आले होते. चमत्कार म्हटलं की आपल्याकडं कुणी धर्म विचारत नाही, एवढी समता आपण नेमानं पाळतो.

व्यासपीठावर ब्रदर तेजस उभा होता. 'ब्रदर' ही पदवी त्यानं स्वतःच स्वतःला बहाल केलेली. तो ना धर्मगुरू, ना कुठल्या मठातला. वर्षभरापूर्वीपर्यंत तो कंपन्यांतून कॅमेरे आणि अलार्म बसवून देत असे, मग एकाएकी त्याला पवित्र आत्म्यानं 'ज्ञानाचं वरदान' दिलं. गर्दीतल्या माणसाकडं नुसतं पाहून तो त्याच्या मनातलं सांगे. कुणाचा नवरा चोरून पितो, कुणाच्या सुनेला मूल होत नाही, कुणाची नोकरी जाण्याच्या बेतात आहे, सगळं बिनचूक. शेजारी टेबलावर एका लाकडी चौरंगावर निळ्या झग्यातली मरियामातेची मूर्ती असे आणि तिच्या पायाशी एक लहानसा विजेचा दिवा सतत जळत असे.

"बुद्धी बाहेर चपलांपाशी ठेवून आलात ना?" तेजस सुरुवातीलाच विचारी, आणि लोक हात वर करून मोठ्या आनंदानं "हो" म्हणत. बुद्धी इतक्या खुशीनं सोडून देणारी माणसं एरवी रिक्षावाल्याशी दहा रुपयांसाठी अर्धा तास वाद घालतात, हे इथं सांगायला हवं.

मूर्ती घरोघर नेण्याची रीत कॅथलिक मंडळींत जुनी आहे. आज या घरी, उद्या त्या घरी. घरची माणसं तिच्यासमोर गुडघे टेकून जपमाळ म्हणतात आणि मग आपलं गाऱ्हाणं सांगतात. तेजसनं या जुन्या रीतीला आपले दोन नियम जोडले होते. गाऱ्हाणं मोठ्यानं सांगायचं, कारण मनातल्या मनात बोलणं हे म्हणे संशयाचं लक्षण. आणि मूर्तीबरोबर चौरंगासकट येणाऱ्या दिव्याचा प्लग काढायचा नाही, कारण माता अंधारात राहत नाही.

दीपमाला साळवे हिच्या घरी मूर्ती आली ती तिची आई वेणूबाई आजारी असताना. दीपमाला शाळेत विज्ञान शिकवायची आणि रविवारी चर्चमध्ये लहान मुलांना धर्मशिक्षण द्यायची. तेजस लहानपणी तिच्याच त्या रविवारच्या वर्गात शिकलेला. त्याला हात जोडून नमो मरियेची प्रार्थना म्हणायला तिनंच शिकवलं होतं. नवरा गेल्यावर तिनं आईला नगर जिल्ह्यातल्या गावाहून पुण्याला आणलं. आता आईच्या डाव्या छातीत गाठ निघाली होती. डॉक्टरांनी ऑपरेशन ठरवलं होतं, तारीखही दिली होती. घराबाहेर कुणाला काही माहीत नव्हतं.

त्या संध्याकाळी आई स्वयंपाकघरात असताना दीपमाला मूर्तीसमोर बसली आणि नियमाप्रमाणे मोठ्यानं बोलली. गाठीचं बोललीच, पण त्याहून अवघड असं एक तिच्या तोंडून निघालं. ती दमली होती. शाळा, औषधं, आईची चिडचिड. कधीकधी तिला वाटे, आई गेली तर आपण सुटू. हे बोलून ती ढसाढसा रडली. हे ती कन्फेशनमध्ये, धर्मगुरूपुढं पापं कबूल करतानाही, कधी बोलू शकली नव्हती.

पुढच्या शुक्रवारी तेजसनं भर सभेत डोळे मिटले. गावाकडून आलेली एक माता इथं बसली आहे, म्हणाला, तिच्या डाव्या छातीत गाठ आहे आणि ती माता मरियेनं या क्षणी विरघळवली आहे. वेणूबाईला तर उभं राहायचंही सुचेना. मग तेजस खाली उतरला, दीपमालाच्या डोक्यावर हात ठेवला, माइक बाजूला केला आणि तिच्या कानात पुटपुटला, "टीचर, आई गेली तर सुटेन असं वाटतं ना तुम्हाला? मातेनं क्षमा केली आहे."

दीपमाला तिथंच कोसळून रडली. इतकी वर्षं मुलांना प्रयोग, निरीक्षण आणि अनुमान शिकवणाऱ्या बाईनं दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलला फोन करून तारीख रद्द केली. गाठ हाताला अजून लागत होती. त्यावर तेजसचं उत्तर तयार होतं: विष गेलं, नुसतं टरफल राहिलं आहे, तेही गळून पडेल. जणू ती गाठ नव्हतीच, भुईमुगाची शेंग होती.

काही आठवडे असेच गेले. मग दीपमाला आपल्या चर्चचे धर्मगुरू फादर वैजनाथ पाटोळे यांच्याकडं गेली, कृतज्ञतेची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, ठेवायला आणि तेजसला चर्चचा हॉल का देत नाही म्हणून थोडं भांडायलाही. फादर धर्मगुरू घडवणाऱ्या सेमिनरीत तर्कशास्त्र शिकवून निवृत्त होऊन इथं आले होते. बोलणं मोजकं आणि तिरकस.

मिस्सा जरूर ठेवू, फादर म्हणाले, फक्त आधी नव्या सोनोग्राफीचा रिपोर्ट आणा. दीपमाला दुखावली. धर्मगुरूच रिपोर्ट मागायला लागले तर श्रद्धा कुणी ठेवायची, तिनं विचारलं. फादर म्हणाले, बरं झाल्याचा दावा आला की ख्रिस्तसभा, म्हणजे आपलं चर्च, स्वतः आधी डॉक्टर बोलावते. रोगी बरा होण्याला दुसरं काही कारण असेल तर शोधून काढा, असं त्यांना सांगते. वर्षानुवर्षं शोधते आणि बहुतेक दावे नाकारते. "देवानं श्रद्धाही दिली आणि बुद्धीही त्यानंच दिली. दोघी एकमेकींना खोटं पाडत असतील, तर मधे कुणीतरी तिसरा खोटं बोलतोय असं समजावं."

"पण त्याला कळलं कसं, फादर? मी कुणालाच सांगितलं नव्हतं."

"कुणालाच?"

"फक्त मातेला."

"मोठ्यानं?"

दीपमालाला मूर्तीपुढं मोठ्यानं बोलायचा तो नियम आठवला. नववीच्या वर्गात एखाद्या पोरानं असलं कोडं घातलं असतं तर तिनं ते तासाच्या आत सोडवलं असतं. आधी तिला फादरांचाच राग आला. मग कानात पुटपुटलेली ती क्षमा आठवली आणि तिथंच जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

प्रयोग तिनंच सुचवला. मूर्तीसमोर एक खोटी गोष्ट सांगायची आणि ती सभेत येते का पाहायचं. पण मग तिचीच जीभ अडखळली. मातेसमोर खोटं कसं बोलायचं?

फादरांनी चष्मा पुसला. "आधी मनातल्या मनात तिला खरं ते सगळं सांगा. हेही सांगा, की आता मी मोठ्यानं बोलणार आहे ते तुझ्यासाठी नाही. तिला मनातलं ऐकू येतं, असंच शिकवता ना मुलांना? मग ती फसणार नाही. ज्याला फक्त मोठ्यानं बोललेलंच ऐकू येतं, तो फसेल."

आई बरी झाल्याची सभेत साक्ष द्यायची आहे, त्याआधी मातेचे आभार मानायचे आहेत असं सांगून दीपमालानं मूर्ती पुन्हा घरी आणली. तेजस खूश झाला. आई बाहेर गेलेली पाहून ती गुडघ्यांवर बसली. मनात तिनं सगळं खरं सांगितलं, ऑपरेशनची भीती, झालेली फसगत, संताप. मग तोंड उघडलं. माझा भाऊ शंभू, वेणूबाईचा थोरला मुलगा, गावाकडं छपरावरून पडला, पाय अधू झाला, त्याला चालव, माते. आवाज थरथरत होता. ऐकणाऱ्याला तो दुःखाचा वाटला असेल.

शुक्रवारी फादर मागच्या रांगेत येऊन बसले. वेणूबाई पुढं, मुलीचा हात धरून. तेजसनं डोळे मिटले, पापण्या फडफडवल्या.

"वेणूमाता, तुमच्या थोरल्या मुलाचं नाव शंभू. छपरावरून पडला. मला तो दिसतोय. माता त्याला हात देते आहे. तो उठला, मंडळी, तो चालतोय!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. वेणूबाई मात्र हळूहळू उभी राहिली. टाळ्या थांबेपर्यंत ती थांबली.

"बाबा," ती म्हणाली, "मला ल्योक न्हाई. ही एकच लेक हाय."

तेजस मग सुरू झाला: शंभू हा आध्यात्मिक मुलगा असेल, माता कधी पुढच्या पिढीचंही दाखवते, किंवा गावातला कुणी शंभू असेल. गाव म्हटलं की शंभू सापडायचाच. कुणीतरी मागून हसलं. तेवढ्यात फादर व्यासपीठावर आले, मूर्तीसमोर मान लववली, तिला अलगद बाजूला घेतलं आणि खालचा लाकडी चौरंग उलटा केला. दोन बाया ओरडल्या, की फादर, हे पाप आहे. फादरांनी खिशातून पेचकस काढला.

चौरंग पोकळ होता. आत दिव्याच्या वायरीला जोडलेली एक काळी डबी होती आणि तिच्यात मोबाइलचं सिमकार्ड. बाहेरून फोन लावला की ती न वाजता उचलायची आणि खोलीतलं सगळं पलीकडं ऐकवायची. तिला वीज मिळावी म्हणून दिवा मालवायचा नाही, आणि तिला नीट ऐकू यावं म्हणून मनातल्या मनात बोलायचं नाही. पवित्र आत्म्याला मासिक रिचार्ज लागत होता.

प्रत्येक जण आपण त्या दिव्यासमोर काय काय बोललो होतो ते आठवत होता. एक म्हातारा पदराआड तोंड लपवणाऱ्या बायकोकडं बघतच राहिला. काही जण मात्र फादरांवरच संतापले, की निदान लोक प्रार्थना तरी करत होते.

तेजसही तेच म्हणाला. तो दीपमालाजवळ आला, डोळ्यांत पाणी होतं, खरं की खोटं कोण जाणे. "टीचर, मी लोकांची श्रद्धाच वाढवत होतो."

"ते मी देवाशी बोलले होते, तेजस," दीपमाला म्हणाली. "तू ऐकलंस. आणि वर देवाच्या नावानं मला क्षमा केलीस."

तिला त्याला मारावंसं वाटत होतं, आणि आपण त्याला शिकवलं याचीही लाज वाटत होती.

रविवारच्या प्रवचनात फादरांनी तेजसचं नावही घेतलं नाही. विचारणं हे पाप नाही, एवढंच त्यांनी सांगितलं. ज्याला तुमच्या प्रश्नांची भीती वाटते तो देव नसतो, आणि देवाचा माणूस तर नसतोच. ऐकून घरी गेलेल्यांतले निम्मे पुढच्या महिन्यात वाघोलीच्या कुणा नव्या बाबाकडं गेले, हेही खरं आहे. म्हणून हे लिहावं लागतं. देव माना, न माना, तो तुमचा प्रश्न. पण बुद्धी दारात ठेवून या असं कुणी म्हणालं, की आधी त्याच्या टेबलाखाली पाहावं, आणि औषध बंद करा म्हणाला तर तिथून थेट दवाखान्यात जावं.

दीपमाला आईला घेऊन दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी तपासलं, जुना रिपोर्ट आणि नवा शेजारी शेजारी ठेवून पाहिला. गाठ वाढली होती. किती पसरली आहे ते आताच सांगता येणार नव्हतं. ठरलेल्या तारखेला का आला नाहीत, त्यांनी विचारलं, आवाज न चढवता. दीपमालाला त्यांच्याकडं बघवेना.

"फसलो, डॉक्टर," वेणूबाई म्हणाली. मग तिनं खुर्ची पुढं ओढली आणि रिपोर्टवर बोट ठेवलं. "आता मला समदं नीट सांगा. काय कापनार, काय ऱ्हानार, वाचन्याची आशा किती. कळंल आसं सांगा. न कळताच लई मान डोलावली म्या."