किनारीचं एक फूल

आंधळगावच्या विणकर सोसायटीत कॉम्प्युटर आला, ते अठ्ठ्याऐंशी साल. टेकचंद कोष्ट्याचाच पोरगा, नागपुरात सहा महिने कोर्स करून आलेला. लुगड्याची किनार कॉम्प्युटरवर मांडून कागदावर छापाचा प्रोग्राम त्यानं लिहायले घेतला. पण मशीन अर्ध्यातच दम तोडे.

"दोनशे छप्पन के मेमरीत काय होते जी?" तो अध्यक्ष मधुकररावले म्हणे. "सहाशे चाळीस पायजे. नाई त हा डब्बाच समजा."

त्या वर्षी सोसायटीच्या पैशातून म्हाताऱ्या विणकरीण केशरबाईच्या मागावरच्या छपराचे टिनं बदलाचे होते. ते राहिले, अन् त्याच पैशात मेमरीचं कार्ड आलं. मशीन चाललं. टेकचंद गावात छाती काढून फिरे.

मंग पावसाची झड लागली. म्हातारीनं मागावर नवा ताणा चढवला होता. फुटक्या टिनांतून पाणी गळलं, उभे धागे सारे भिजले, डाग पडले, जागोजागी तुटले.  उघाड पडल्यावर ती मशीन पाहाले आली.

"एवढं लुगडं याच्यात मावलं कसं रे बाबू?"

"नऊ वाराचा एकूणएक धागा भरला, काकी!"

म्हातारीनं तोंडाले पदर लावला. "कायले? मी त एकच फूल ध्यानात ठेवतो. तेच फिरून फिरून. सारं लुगडं डोक्यात ठेवलं असतं, त येडीच झाली असती ना!"

 दोन दिवस बसून टेकचंदनं प्रोग्राम नव्यानं लिहिला. एकच फूल, तेच फिरून फिरून. कार्ड काढून ठेवलं. पडद्यावर दोनशे छप्पनचा आकडा आला, अन् किनार पुरी छापून निघाली. वरतून जागा उरली.

"चालून राहिलं ना?" मधुकरराव दबक्या आवाजात म्हणाले. "मंग चूप राय. कोणाले समजते?"

कोणालेच समजत नव्हतं, हे खरं. पण टेकचंदले जेवण जाईना. कार्ड फडक्यात बांधून तो केशरबाईकडे गेला. ती तुटलेले धागे जोडत बसली होती.

"काकी, तुमचे टिनं माह्यामुळं राहिले. मेमरी लागतच नव्हती. मलेच लिहिता येत नव्हतं."

तिनं हातातली गाठ पुरी केली. "दुकानदार वापस घेते का?"

"अर्ध्या भावात."

"मंग अर्धे टिनं आण, अन् वर चढून तूच ठोक." तिनं बसाले पाट सरकवला. "बाकीच्याचं मंग पाहू. आता बस इथं, धागे जोड."