मास्तरांचे चौतीस टाके

मास्तरांच्या उजव्या पायाचा अंगठा काळा पडला होता, आणि ते माझ्याशी बोलत होते शिवणयंत्राबद्दल.

"पाय गेला तर पायडल कोण मारणार? ही मावशी?"

"मी कशाला मारू? मी भंगारात देऊन मोकळी होईन," शेजारच्या खांबाला टेकून बसलेली मावशी म्हणाली. ती प्लास्टिकच्या बाटल्या गोळा करायची. तिचा आणि मास्तरांचा संसार नव्हता, पण भांडण रोजचं होतं.

मास्तर बसस्टँडच्या जिन्याखाली राहायचे. दिवसा तिथेच पायमशीनवर लोकांच्या पँटी आखूड करून द्यायचे, चेन बदलायचे, आणि झोपताना मशीन साखळीने कठड्याला बांधायचे. आमची दवाखान्याची गाडी मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी समोरच्या मैदानात उभी राहायची. मी जीवरसायनशास्त्र शिकून नुकतीच तिथे लागले होते. उघड्यावर राहणाऱ्यांची साखर तपासायची, औषधं द्यायची, फॉर्म भरायचे आणि डॉक्टरांच्या सहीसाठी पुढे सरकवायचे, एवढं माझं काम.

मोठ्या इस्पितळातल्या सर्जनने मास्तरांना तीन आठवड्यांची मुदत दिली होती. तेवढ्यात साखर दोनशेच्या खाली आणली तर फक्त अंगठा काढू. नाहीतर जखम भरणार नाही, मग पाय गुडघ्याखालून जाईल. त्या दिवशी त्यांची साखर होती तीनशे चाळीस.

पहिल्या मंगळवारी मी त्यांना इन्सुलिनची बाटली दिली. सकाळी बारा युनिट, संध्याकाळी बारा, त्याच संध्याकाळपासून सुरू. सुई कशी धरायची, पोटाची चिमटी कशी घ्यायची, सगळं दाखवलं. मास्तरांचे हात सुईला सरावलेले. एकदा बघून त्यांनी ते माझ्यापेक्षा सफाईने केलं.

"आणि बाटली थंड जागी ठेवायची," मी म्हणाले. "ऊन लागलं की औषध मेलं."

"किती थंड?"

मागे अकरा जण रांगेत उभे होते. मी म्हणाले, "जितकं थंड तितकं बरं."

मास्तरांना वाचता येत नव्हतं, म्हणून डोसाच्या नोंदीसाठी मी दिलेला छापील तक्ता त्यांनी परत केला. त्याऐवजी अस्तराच्या कापडाची एक बोटभर रुंद पट्टी कापली. सकाळी टोचलं की लाल दोऱ्याचा टाका, संध्याकाळी काळ्याचा. "माझी वही," ते म्हणाले.

दुसऱ्या मंगळवारी साखर तीनशे पंचावन्न.

"मास्तर, नियमित घेताय ना?"

त्यांनी पट्टी पुढे केली. टाके यंत्राने घातल्यासारखे एकसारखे होते. मला तेच खटकलं. एवढे टाके कुणीही पाच मिनिटांत घालू शकतो.

"गोड खाताय?"

"पोरी, मला गोड देतंय कोण?"

"माझ्याकडे बघू नका, मी तर कडूच," मावशी म्हणाली.

मी फॉर्म भरत गेले. 'औषध थंड जागी ठेवतो का?' या प्रश्नावर मी मान वर केली.

"थंड? अगं, टोचताना दात वाजतात," मास्तर हसत म्हणाले. मीही हसले आणि 'हो' वर खूण केली. डॉक्टरांनी डोस अठरा केला.

तिसऱ्या मंगळवारी तीनशे बहात्तर. काळेपणा अंगठ्यावरून शेजारच्या बोटावर आला होता. वास येत होता. मी फॉर्मवर लिहिलं, 'रुग्ण डोस चुकवत असावा.' डॉक्टरांनी ते मोठ्याने वाचलं, मास्तरांकडे चष्म्यावरून पाहिलं आणि डोस चोवीस करून नवी बाटली द्यायला सांगितली. मास्तरांनी पट्टीची घडी करून खिशात ठेवली.

शुक्रवारी सकाळी ते लंगडत, उपाशीपोटी गाडीपाशी आले. रुमालात मंगळवारचीच बाटली होती, काच उभी चिरलेली.

"आपोआप तडकली," ते म्हणाले.

"आपोआप कशी तडकेल?"

"ते मला काय माहीत? सकाळी बघतो तर चीर."

माझा संयम सुटला. खोटं बोलायचं तर निदान बरं बोलावं, असं मनात आलं. मी नवी बाटली काढली आणि म्हणाले, "मास्तर, आज माझ्यासमोर घ्या. चोवीस. मला बघायचंय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. सुई भरली, शर्ट वर केला, टोचलं. मग तिथेच पायरीवर बसून पट्टीत लाल टाका घातला आणि दोरा दाताने तोडला.

"झालं समाधान?"

"अर्ध्या तासात पोटभर खा," मी म्हणाले.

पोटभर कुठून, हे मी विचारलं नाही. त्यांनी चहा आणि एक टोस्ट खाल्ला, हे मला नंतर कळलं.

दीडच्या सुमारास आम्ही गाडी आवरत असताना मावशी पदर सावरत धावत आली. "चल लवकर! मास्तर पडलाय. लोक म्हणतायत प्यायलाय. तो कुठला पितोय!"

मास्तर मशीनवर पालथे पडले होते. शर्ट पिळून काढावा इतका ओला. माणसं वळसा घालून जिन्यावर चढत होती. मी बोटाला सुई टोचली. चौतीस. तीनशे चौतीस नव्हे, नुसते चौतीस. डॉक्टरांनी शिरेतून ग्लुकोज दिलं. काही मिनिटांनी मास्तरांचे डोळे हलले.

"औषध बरोबर काम करतंय," डॉक्टर हलक्या आवाजात म्हणाले. "म्हणजे आजवर ते त्याच्या अंगात गेलंच नव्हतं."

मी मान डोलावली. मला वाटलं होतं तेच खरं ठरलं होतं. तेवढ्यात मावशीने यंत्राच्या खणातून नवी बाटली काढली आणि निघाली.

"कुठे नेतेस?"

"बर्फाच्या कारखान्यात. वॉचमनकडे. आज ठेवायची राहूनच गेली बघ."

"बर्फात?"

"मग? तूच सांगितलंस ना. पहिल्या दिवसापासून लाद्यांच्या खोलीत ठेवतो हा. दोन वेळा तंगडतोड करतो त्या पायाने. दगड झालेली असते, मग मुठीत धरून वितळवतो. नासलेल्या दुधासारखं दिसतं मेलं."

इन्सुलिन गोठलं की संपलं. पुन्हा वितळवलं तरी त्यात जोर उरत नाही, आणि गोठताना काच तडकू शकते. हे मी परीक्षेत लिहिलं होतं. औषध पुरवणाऱ्या वितरकाला पत्रही लिहिलं होतं, की पेट्या फ्रीजच्या वरच्या, बर्फाच्या कप्प्यात ठेवू नका. मास्तरांची बाटली मी एकदाही उजेडात धरून पाहिली नव्हती. गोठलेल्या औषधाच्या आकड्यांवर, माझ्या फॉर्मवरून डोस चोवीसवर गेला होता, आणि आज मी समोर उभं राहून चांगल्या औषधाचे चोवीस घ्यायला लावले होते.

मास्तर पुटपुटले, "बर्फात ठेवायला उशीर झाला, म्हणून असं झालं का गं?"

"नाही," मी म्हणाले. आणि सगळं सांगितलं.

त्यांनी खिशातली पट्टी चाचपली. "मग इतके दिवस मी काय टोचत होतो?"

"जवळजवळ पाणीच."

मुदतीला चार दिवस उरले होते. मी रोज तिथे गेले. बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून मातीच्या मडक्यात ठेवली, डॉक्टरांना सांगून डोस पुन्हा बारावर आणला, दोन्ही वेळचं जेवण डब्यात नेलं. साखर दोनशे चाळीसपर्यंत उतरली. पण पायाने वाट पाहिली नाही. मंगळवारी सर्जनने घोट्यावर बोट ठेवलं, मग नडगीवर, आणि सहायकाला सांगितलं, "गुडघ्याखालून."

आठ दिवसांनी मी वॉर्डात गेले. चादर उजवीकडे मध्येच सपाट झाली होती. मावशी आली नव्हती. ती मशीनच्या साखळीपाशी झोपत होती, कुणी नेऊ नये म्हणून.

"हाताने फिरवायचं चाक मिळतं म्हणे मशीनला," मी म्हणाले.

"मिळतं. मग कापड कोण धरणार? दोन हात लागतात कापडाला." त्यांनी उशीखालून पट्टी काढली. "मोज. तू मोजल्याशिवाय मानत नाहीस."

मी मोजले. सतरा काळे, सतरा लाल. शेवटचा लाल त्या शुक्रवारचा, माझ्यासमोरचा; त्यानंतर पट्टी थांबली होती.

"चौतीस."

"एखादा सुटलाय?"

"नाही."

"तुझ्या कागदावर तर वेगळंच लिहिलंय. डॉक्टरने वाचलेलं मी ऐकलं."

मी पिशवीतून फॉर्म काढला, ती ओळ खोडली आणि लिहिलं, 'रुग्णाने एकही डोस चुकवला नाही.' त्यांनी वाचायला सांगितलं. मी वाचलं. शेजारच्या खाटेवरचा माणूस कूस बदलून ऐकू लागला.

"आता त्याखाली, पहिल्या दिवशी बाटली देताना तू काय म्हणाली होतीस तेही लिही. शब्दाला शब्द."

मी पेन टेकवलं. चार शब्द होते. मास्तर माझ्या हाताकडे बघत होते, शेवटचा शब्द पूर्ण होईपर्यंत.