कंसाच्या आतलं लिमिट

मित्रांनो, मी एक जुना डीबगर आहे, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामांतल्या चुका शोधायला मदत करणारा प्रोग्राम. लिहिलेला प्रोग्राम वेडंवाकडं वागू लागला आणि चूक सापडेना, की माणसं मला बोलावतात. सगळं सुरळीत असतं तेव्हा माझी आठवण कुणाला होत नाही. याचा मला राग येतो, ते कशाला लपवू?

मला कुणा एकानं घडवलं नाही, पुष्कळ हात लागले. गेली अकरा वर्षं मी नाशिकला गंगापूर रोडवरच्या एका छोट्या कचेरीत हिरामण सरांकडे आहे. सुरुवातीला सर नव्या मुलांना सांगत, "हा माझा उजवा हात आहे बरं का!" तेव्हा फार बरं वाटायचं.

माझं काम समजायला सोपं आहे. प्रोग्राममध्ये कंस उघडला की एक खोली सुरू होते आणि कंस मिटला की संपते. खोलीत आणखी खोली असते. आतल्या खोलीत जन्मलेलं नाव कंस मिटताच नाहीसं होतं. कुठली खोली कुठल्या ओळीपासून कुठवर आणि तिच्यात कोण राहतं, याचा नकाशा माझ्याजवळ असतो. प्रोग्राम थांबवला की मी ती जागा नकाशात शोधतो, आधी सगळ्यात आतली खोली बघतो, मग एकेक करत बाहेर येतो. एका घरात दोन बाळू असले तर हाक मारल्यावर जवळचा बाळू ओ देतो. इथेही तसंच होतं.

पण कुठे थांबायचं हे मी ठरवत नाही. विचाराल त्या जागेचं खरं सांगतो. न विचारलेलं सांगायला मला तोंड नाही.

यंदा द्राक्षांच्या हंगामात सरांनी शीतगृहांसाठी एक प्रोग्राम केला. शीतगृहात गारवा अमोनिया वायूनं येतो. तो गळू लागला तर माणसाचा जीव जातो, म्हणून हवेच्या दहा लाख भागांत त्याचं प्रमाण पंचवीसच्या वर गेलं की भोंगा वाजायचा. या पंचवीसला प्रोग्राममध्ये 'लिमिट' असं नाव दिलं होतं. पण धुलाईच्या वाफेनंही तो वाजे, पॅकिंगच्या बाया बाहेर पळत आणि माल तसाच पडून राही. मालक वैतागले.

"आधी तीनशेवर करून बघू," सर म्हणाले. त्यांनी भोंग्याच्या तपासणीभोवती कंस घातले आणि आत त्याच नावाचं नवं लिमिट केलं, तीनशे. चाचणी झाली. कंस काढायचे राहून गेले.

शेवटी सरांनी मला बोलावलं खरं, पण थांबवलं कुठे? कंस मिटल्यानंतरच्या ओळीवर. आतलं लिमिट तोवर नाहीसं झालेलं. मी बाहेरचं दाखवलं, पंचवीस. ते खोटं नव्हतं. एक ओळ अलीकडे थांबवा हो, असं ओरडावंसं वाटलं.

"पंचवीसच आहे. पाठवून द्या," सर म्हणाले. बदललेला प्रोग्राम चार शीतगृहांत गेला. तिथल्या भिंतींवरच्या पडद्यांवरही लिमिट पंचवीसच दिसू लागलं.

सरांच्या हाताखाली पल्लवी काम करते. ती पेठ तालुक्याकडची. तिची मावशी लंकाबाई दर हंगामात ओझरच्या पलीकडच्या शीतगृहात पॅकिंगला येते. परवा दुपारी जेवणाच्या सुट्टीत पल्लवीनं मावशीला फोन लावला.

"डोळे लय चुरचुरतात गं आज," मावशी म्हणाली. "सिंधुबाईला तर खोकला थांबंना."

"भोंगा वाजला का मावशी?"

"नाय वाजला. म्हंजे काय भ्याव नाय ना?"

पल्लवीनं डबा बाजूला सारला आणि मला सुरू केलं. भोंग्याच्याच ओळीवर तिनं थांबण्याच्या खुणेचा तांबडा ठिपका लावला. कुणीतरी अखेर योग्य जागी थांबवलं होतं. मी दोन्ही लिमिटं दाखवली. आत तीनशे, बाहेर पंचवीस.

"मावशी, सगळ्यांना घेऊन बाहेर नीघ! आत्ताच्या आत्ता!"

"अगं पण मुकादम..."

"मुकादमाला पण ओढ बाहेर!"

चौदा बाया बाहेर आल्या. सिंधुबाईला दोघींनी उचलून आणलं. ती जगली.

सरांनी पडद्यावरची दोन्ही लिमिटं वाचली. "बाकीच्या तीन ठिकाणी हंगाम संपल्यावर बदलू," ते पुटपुटले. "त्यासाठी आता शीतगृहं बंद केली तर माल नासेल."

"सर, तिथं पण कुणाची तरी मावशी असंल," पल्लवी म्हणाली आणि तिनं फोन उचलला.

मित्रांनो, बाहेर पाठवलेल्या प्रोग्राममधून माझा नकाशा काढून टाकतात. ओझं कमी होतं म्हणे. त्या शीतगृहांत मी नाही, कुणी विचारलं तरी सांगणारा नाही. म्हणून हात जोडून सांगतो, धोका जिथे आहे तिथेच मला थांबवा. दार लावून झाल्यावर आतल्यांची खुशाली विचारू नका.

दोन ठिकाणच्या माणसांनी फोन घेतला आणि बायांना बाहेर काढलं. चौथ्या शीतगृहाचा फोन वाजतो आहे. पल्लवी पुन्हा पुन्हा लावते आहे. मी त्याच ओळीवर थांबून आहे, आणि तिकडे कुणी उचलत नाही.