कुणीच न मागितलेला झेल

शनिवार, १४ जुलै १८७७, सायंकाळी पाच वाजून चाळीस मिनिटे. हॅलबी संघाचे नऊ गडी बाद झाले होते आणि विजयाला चार धावा हव्या होत्या. शेवटच्या जोडीतले बॅरिस्टर एडमंड थर्स्बी यांचे धावांकडे लक्षच नव्हते. समोरून जेबेझ क्लेग गोलंदाजी करीत होता. खाणीत दगड फोडणाऱ्या या माणसाच्या धाकट्या भावाला सशांच्या चोरट्या शिकारीबद्दल थर्स्बींनीच खटला चालवून तुरुंगात धाडले होते. खेळपट्टीत जागोजागी खडे होते आणि आधीच्या फलंदाजाचे दोन दात त्यांतच कुठेतरी पडले होते.

क्लेगने मात्र चेंडू अगदी संथ टाकला. बॅटची कड घेऊन तो उडाला आणि क्लेगनेच अलगद झेलला.

सुटलो! थर्स्बींच्या जिवात जीव आला. ते तंबूकडे वळले.

"कुठं निघालात, वकीलसाहेब?" क्लेगने हटकले.

"झेल घेतलास ना? बाद झालो मी."

"कोण म्हणतं? काय रे पोरांनो, पंचाला कुणी विचारलं का?"

त्याच्या संघातल्या एकानेही तोंड उघडले नाही.

थर्स्बींनी पंचाकडे, म्हाताऱ्या चांभार टॉबिटकडे पाहिले. "टॉबिट, तू पाहिलंस ना?"

"पाहिलं की! पण त्यांनी विचारल्याबिगर मला बाद देता येत नाही. कायदा मी तुम्हाला काय शिकवायचा?"

"अरे, मी स्वतः कबूल करतोय!"

"तक्रारच नाही, तर कबुली कसली देताय?" क्लेग हसला. "आमच्या सॅमला तुम्ही नऊ महिने दिलेत. मी तुम्हाला दोनच चेंडू देतो. सरळ छातीवर."

"थर्स्बी, जागचा हलू नकोस!" तंबूतून कप्तान ओरडला. "एक फटका, बस्स!"

क्लेग मागे चालत गेला. नेहमीची खूण ओलांडून, पार कुंपणापर्यंत. थर्स्बींनी बॅट जमिनीला टेकवली, तर ती टकटक वाजू लागली. अखेर बॅट काखेत मारून ते चालू लागले.

"सभ्य माणूस पंचाची वाट पाहत नाही," ते मोठ्याने म्हणाले.

"शाबास! याला म्हणतात सचोटी!" तंबूत टाळ्या झाल्या. कुंपणापाशी क्लेग पोट धरून हसत होता.

हॅलबीचा पराभव झाला, तीन धावांनी.